घर कुणाच्या नावावर, अक्षरं कुणाच्या मालकीची?

१९९७ साली सांगलीच्या आमच्या गटात पहिला कॉम्प्युटर आला. कुणीतरी वापरून दिलेला, पण आम्हाला त्याचं केवढं अप्रूप! तोवर परित्यक्ता बहिणींचे फॉर्म आम्ही हातानं लिहायचो. सातारच्या मैत्रिणीही तेच काम करत होत्या. दोन्ही जिल्ह्यांची एक यादी करून निवेदन द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांच्यातली एक कार्यकर्ती पर्समध्ये फ्लॉपी घालून एसटीनं सांगलीला आली. फ्लॉपी घातली, फाईल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची नुसती खिचडी! त्यांचं मराठी पॅकेज एका कंपनीचं, आमचं दुसऱ्या कंपनीचं. मराठी एकच, पण कऱ्हाडच्या अलीकडचं पलीकडे वाचता येईना. रात्रभर बसून सगळी नावं पुन्हा टाइप केली.

असं का होत होतं, ते आम्हाला फार उशिरा समजलं. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. प्रत्येक कंपनीनं इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर आपापल्या सोयीनं मराठी अक्षरं बसवली होती. एकीचा ‘क’ जिथे, तिथे दुसरीचा ‘ळ’. खरं तर १९९१ सालीच ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचं प्रमाणक ठरलं होतं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. पण पत्रकं, पुस्तिका छापण्याची पॅकेजं आपापल्याच मांडणीनं चालत राहिली. काही पॅकेजांबरोबर तर चक्क कुलूप येई. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं. ते हरवलं की आपणच लिहिलेलं आपल्याला उघडायचं नाही.

या पॅकेजांमुळेच आपली पत्रकं सुबक निघू लागली, हे मी नाकारत नाही. पण त्याची किंमत पुढे कळली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. कॉम्प्युटर आम्ही माडीवर नेला. खालच्या कपाटातले कागद मात्र भिजून लगदा झाले. पुढे काही महिन्यांनी वाळवा तालुक्यातली एक बाई आली. वय साठीच्या पुढे. नवऱ्यानं टाकल्याला तीस वर्षं झाली होती. तो वारला आणि वारस म्हणून सातबाऱ्यावर फक्त दुसरीच्या मुलांची नावं लावायची खटपट सुरू झाली. ही त्याची लग्नाची बायको, याला पुरावा काय? तिला पोटगी मंजूर झाली होती, पण आदेशाची प्रत तिच्याकडे नव्हती आणि दाव्याचा नंबरही आठवत नव्हता. तो आमच्या फॉर्मवर लिहिलेला होता. कागद गेला होता. फाईल शाबूत होती, फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून नव्या डिस्कवर जपून आणलेली. पण ते जुनं पॅकेज नव्या विंडोजवर चालेना. फाईल आमची, लिखाण आमचं, आणि आम्हालाच वाचता येईना!

शेवटी इंजिनिअरिंगला असलेल्या एका कार्यकर्तीच्या मुलीनं जुन्या फॉन्टची अक्षरं युनिकोडमध्ये आणली. रफार गायब, वेलांट्या भलत्याच अक्षरावर. त्या बाई शेजारी बसून आपली हकिगत सांगत गेल्या आणि आम्ही एकेक ओळ दुरुस्त करत गेलो. दाव्याचा नंबर सापडला. त्यावरून कोर्टातून आदेशाची नक्कल काढता आली.

मैत्रिणींनो, गेली चाळीस वर्षं सांगली-सातारा भागात परित्यक्तांची चळवळ एकच प्रश्न विचारत आली आहे: जिथे बाई जन्म घालवते, त्या घरावर तिचं नाव का नाही? नाव नाही म्हणून एका रात्रीत तिला बाहेर काढता येतं. आता कॉम्प्युटरकडे बघा. विंडोजची प्रत पैसे मोजून घेतली तरी ती आपल्या मालकीची होत नाही. आपल्याला मिळतो तो वापरायचा परवाना, आणि अटी मालकाच्या. (आपल्यातल्या बऱ्याच जणींनी तोही न घेता चोरीच्या प्रती वापरल्या, हेही कबूल करू.) एक्सपीची देखभाल कंपनीनं २०१४ साली थांबवली, विंडोज ७ ची २०२० साली, आणि विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. पुढची विंडोज ११ बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरांना नियमाप्रमाणे चालतच नाही. यंत्र धडधाकट असतं, मोडीत काढायचं ते मालक म्हणतो म्हणून.

दुसरी वाट आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला. ही प्रणाली कुणीही वापरावी, तपासावी, बदलावी, दुसरीला द्यावी. आमचा एक जुना कॉम्प्युटर आज लिनक्सवर चालतो. त्यात लिबरऑफिस आहे, मराठी टाइप होतं. केरळनं सरकारी शाळांमध्ये हाच मार्ग धरला. आपल्याकडे २००१ पासून गावोगावच्या मुलींनी एमएस-सीआयटी केलं. त्यातल्या ‘एमएस’चा अर्थ महाराष्ट्र राज्य, पण मुलींच्या हाताला सवय लागली ती मुख्यतः विंडोजचीच.

लिनक्समध्ये अडचणी नाहीत असं मी म्हणणार नाही. हिशेबनीस टॅली मागतो, त्याला विंडोज लागतं. प्रिंटर कधी कधी रुसतो. बिघडलं तर तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा पटकन मिळत नाही. आणि ‘फुकट’ या शब्दाला आपण बायकांनी तरी भुलू नये. सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी ते बसवणं, शिकवणं, सांभाळणं हे श्रम आहेत. त्या इंजिनिअर मुलीला आम्ही मानधन दिलं. ते द्यायलाच हवं होतं.

म्हणून उद्याच विंडोज फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. पण चार गोष्टी आपण सगळ्या संस्था मिळून ठरवू या. नवं सगळं लिखाण युनिकोडमध्येच करायचं. जुन्या फॉन्टमधल्या फाईली, त्यांचा फॉन्ट वाचणारं एखादं यंत्र चालू आहे तोवर, बदलून घ्यायच्या. प्रत्येक कार्यालयात निदान एक कॉम्प्युटर लिनक्सवर ठेवायचा आणि तो दोघी-तिघींनी शिकायचा. महत्त्वाच्या केसेसची एक कागदी प्रत, त्या बहिणीच्या संमतीनं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या विश्वासाच्या संस्थेकडे कुलपात ठेवायची. सांगलीचं साताऱ्यात, सातारचं सांगलीत. पूर काय दोन्हीकडे एकाच कपाटात शिरत नाही.

बायकांनी आपल्याला विश्वासानं सांगितलेलं आपण लिहून ठेवतो. त्या लिखाणाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असून कसं चालेल?