हंगामात मागे राहणारी माणसे

बीड जिल्ह्यात अपंग माणसाचा पहिला आणि बहुतेक वेळा एकमेव आधार म्हणजे त्याचे घर. यातल्या हजारो घरांना मात्र वर्षातले पाच-सहा महिने कुलूप असते. दिवाळी सरली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाची उचल जोडप्याच्या हिशेबाने मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. ज्याला वाकून ऊस तोडता येत नाही, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढता येत नाही, त्याचा कोयताच धरला जात नाही. असा माणूस म्हाताऱ्या आईवडिलांबरोबर गावात राहतो, नाही तर फडाजवळच्या कोपीवर लेकरे राखायला आणि भाकरी थापायला नेला जातो. गावात राहिला तर त्याला उठवणारे-बसवणारे हात थकलेले असतात. सोबत गेला तर शाळा, औषध, दाखला, अनुदान सारे गावच्या पत्त्यावर अडकून पडते. दिव्यांगांना समाजाने सामावून घ्यावे याचा या जिल्ह्यातला व्यवहारी अर्थ त्यामुळे ठरलेलाच आहे: घर बाहेरगावी असताना गावाने काय करायचे.

कायद्याच्या बाजूने करायचे फारसे काही उरलेले नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार भारताने 2007 मध्ये स्वीकारला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले आणि हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. सरकारी नोकरीत चार टक्के आणि उच्च शिक्षणात पाच टक्के आरक्षण, गरिबी निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के वाटा, सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हे त्यातले ठळक हक्क. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही काढला. मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत कागद पोचतो. तिथून वाडी-तांड्यापर्यंतचे अंतर मात्र माणसांनाच तोडावे लागते.

मुळात ही माणसे किती? 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के. बीडची लोकसंख्या तेव्हा 25 लाख 85 हजार होती. देशाचीच सरासरी धरली तर जिल्ह्यात ही संख्या 57 हजारांच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा अंदाज मात्र दर सहा माणसांत एक असा आहे. एवढी तफावत पडते ती विचारलेल्या प्रश्नामुळे आणि दारात उभे राहून विचारणाऱ्यामुळे. थोरलीला कमी ऐकू येते हे कळले तर धाकटीचे लग्न जमणार नाही, अशी धास्ती असलेले घर अनोळखी प्रगणकाला काही सांगत नाही. आशाताईला मात्र ते ठाऊक असते. गावाची खरी यादी अंगणवाडी, आशा आणि शाळा एकत्र बसल्या तरच तयार होते.

ही यादी वेळेवर झाली नाही तर काय घडते, हे जन्मतः वाकड्या पावलाच्या बाळाकडे पाहिले की कळते. क्लबफूट म्हणतात तो हा दोष. आज पोन्सेटी पद्धतीने तो बहुतेक बाळांत जवळजवळ पूर्ण बरा होतो. जन्मानंतर थोड्याच दिवसांत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ आणतात. त्याला साधारण पाच ते आठ आठवडे लागतात. बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या शिरेवर एक छोटी शस्त्रक्रिया होते. पुढचे तीन महिने दांडीला जोडलेले बूट जवळजवळ दिवसरात्र आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना घालावे लागतात. खर्च फारसा नाही. कष्ट आहेत ते सातत्याचे. बाळ भाद्रपदात जन्मले तर प्लास्टरे संपता संपता दिवाळी येते, ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि बूट घालण्याचा काळ कोपीत, चिखलात, पहाटे तीनला फडावर जाणाऱ्या आईच्या हाती येतो. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळते. चालू शकणारी व्यक्ती मग पुढे अस्थिव्यंग या रकान्यात जाते.

यात डॉक्टर चुकलेला नसतो आणि आईही चुकलेली नसते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात, शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पण पथक येते त्या दिवशी मूल कऱ्हाडच्या किंवा इंदापूरच्या फडावर असेल तर हजेरीपटावर रेघ पडते. मिरगीच्या गोळ्यांचेही तसेच. महिन्याच्या मापाने मिळणारे औषध सहा महिन्यांच्या हंगामाला पुरत नाही. खंड पडला की झटके परत येतात, आणि झटका विहिरीच्या काठावर किंवा चुलीपाशी आला तर एका दुखण्याची दोन दुखणी होतात. निघण्याआधी गोळ्यांचा साठा हातात देणे आणि मुक्कामाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावाने चिठ्ठी लिहून देणे या अवघड गोष्टी नाहीत. त्या कोणाच्या तरी कामाच्या यादीत असाव्या लागतात, इतकेच.

असे काम गावाच्या हातून करून घेण्याचा एक मोठा प्रयोग जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच झाला. आष्टी आणि पाटोद्याच्या शेजारी जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुतेक अशिक्षित किंवा जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हा त्याचा कणा होता. कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे, औषध सुरू करून देणे, ते बंद पडू न देणे हे काम या बायका घरोघरी करीत. रोग्यांसाठी वेगळी वसाहत उभारण्याचा मार्ग जामखेडने धरला नाही. रोगी आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत राहिला. कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळाही तिथे उभी राहिली आणि तिच्यात स्थानिक माणसेच कारागीर झाली. 1968 मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट शेतकऱ्याला मानवतो, कारण तो लावून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, अनवाणी चिखल तुडवता येतो. बुटातच घालायच्या विलायती पायाला हे जमत नव्हते. आरोळे दांपत्याला 1979 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 च्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होते, आणि प्राथमिक आरोग्यसेवेच्या 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यामागे जे अनुभव होते त्यांत जामखेडची गणना होते. समाजाधारित पुनर्वसनाची कल्पना याच जाहीरनाम्यानंतर जगभर गेली.

बाबा आमट्यांचे आनंदवन 1949 चे, वरोऱ्याजवळचे. समाजाने हाकललेल्या कुष्ठरोग्यांना हक्काची जागा देणे हे त्या काळाचे उत्तर होते आणि ते थोर उत्तर होते. जामखेडने पुढचा प्रश्न घेतला: हाकलायचेच कशाला? बीडसारख्या, निवासी संस्था थोड्या आणि गावे चौदाशेच्या आसपास असलेल्या जिल्ह्याला दुसरी वाट अधिक जवळची आहे. तिला इमारत लागत नाही. दर आठवड्याला दार ठोठावणारे माणूस मात्र लागते, आणि त्या माणसाला वेळेवर मानधन लागते. दुसरी अट बहुतेक योजना विसरतात.

शाळेच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. उतार जवळजवळ सर्वत्र दिसतो, कारण शाळांच्या यू-डायस या सरकारी माहितीत तो भरावा लागतो. उतार संपतो तिथे मुलगी वर्गात पोचते, पण बसून वापरता येईल असे स्वच्छतागृह नसेल तर ती दिवसभर पाणी पीत नाही आणि सातवीनंतर शाळेत येत नाही. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे अनेक शाळा असतात. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला घरी शिकवण्याची सोय कागदावर आहे; तिचा दर्जा शिक्षक महिन्यातून किती वेळा वाडीपर्यंत जातो यावर ठरतो. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. लेखनिक सहसा खालच्या इयत्तेतला, म्हणजे गल्लीतलाच कोणीतरी. स्वतःच्या परीक्षा तोंडावर असताना दुसऱ्याचा पेपर लिहायला जाणारी ही नववीची पोरे कुठल्याही अहवालात येत नाहीत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, ती मुले गावात टिकवण्यासाठीच. त्यांत दिव्यांग मूल राहू शकेल असे एक कमोड, एक मदतनीस बाई आणि एक खाट, एवढी तरतूद झाली तर फडावर जाणारी अनेक लेकरे थांबतील.

दाखला हा वेगळाच डोंगर आहे. चाळीस टक्के अपंगत्वाच्या रेषेवर सगळे अवलंबून. वैश्विक ओळखपत्रासाठी जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे, तेही ठरलेल्या वारी, सोबत एक माणूस घेऊन, म्हणजे दोघांची मजुरी बुडवून. त्यातच 2022-23 मध्ये बदलीत सवलत मिळवण्यासाठी जोडलेल्या शिक्षकांच्या अपंगत्व प्रमाणपत्रांची जिल्हा परिषदेने फेरतपासणी करवली आणि अनेक शिक्षक निलंबित झाले. धडधाकट माणसाने खोटा दाखला काढला की खऱ्या अपंगाकडे प्रत्येक खिडकीवर संशयाने पाहिले जाते. तपासणी कडक हवीच. पण तिचा जाच तालुक्याहून रांगत येणाऱ्याला होऊ नये यासाठी दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळानेच महिन्यातून एकदा तालुक्याला जावे.

पैशाचे गणितही गावात तपासण्यासारखे आहे. संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे मासिक अनुदान 1,500 रुपयांवरून 2,500 करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. ही वाढ मोठी आहे आणि उशिराची आहे. याखेरीज ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्चायचा असतो. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली दोन लाख असेल तर हा निधी दहा हजार होतो. गावात वीस दिव्यांग असतील तर वाट्याला पाचशे रुपये येतात, आणि वाटून मोकळे होण्याचा मोह सरपंचाला होतोच, कारण वाटपाचा फोटो निघतो. याच दहा हजारांत दळणाच्या गिरणीच्या, रेशन दुकानाच्या आणि मंदिराच्या पायऱ्यांवर तीन पक्के उतार होऊ शकतात, किंवा हंगामात एकट्या राहिलेल्यांना दोनदा जेवण पोचवणाऱ्या शेजारणीला काही महिने मोबदला देता येतो. कोणता खर्च करायचा हे दिव्यांगांनाच विचारावे. 26 जानेवारीची ग्रामसभा ऐन हंगामात येते. गावात तेव्हा जी माणसे असतात त्यांत म्हातारे आणि अपंगच अधिक. एरवी ज्यांचा आवाज पोचत नाही त्यांचीच त्या दिवशी गणपूर्तीला गरज असते.

पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला. पोलिओने पाय गेलेली बीडची पिढी आज तिशी-चाळिशीत आहे. तिला आता तीनचाकीच्या वाटपापेक्षा काम हवे आहे. 1972 च्या दुष्काळाने रोजगार हमीला आकार दिला तो याच महाराष्ट्रात. आजच्या रोजगार हमीत पाणी पाजणे, लेकरे सांभाळणे, मेट म्हणून देखरेख करणे ही कामे दिव्यांगांना देता येतात आणि मजुरी इतरांएवढीच असते. 2023 पासून कामावरची हजेरी मोबाइलवर घ्यावी लागते. बारावी शिकलेल्या, कुबडीवर चालणाऱ्या तरुणाला हे काम कोणाहून कमी येत नाही. तरीही मेटाचे नाव ठरताना त्याचा विचार शेवटी होतो.

प्रवासाचे आणि आपत्तीचे थोडक्यात. एसटीत 75 टक्के सवलत आहे, ती तिकिटावर. पायरीची उंची सर्वांना सारखीच. बीड शहराला रेल्वे मिळाली 17 सप्टेंबर 2025 रोजी, अहिल्यानगरची. त्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यात हाहाकार केला, आष्टीसारख्या दुष्काळी तालुक्यातही पाण्यात अडकलेल्यांना बाहेर काढावे लागले. कोणत्या घरात न चालणारे, न ऐकणारे, न पाहणारे माणूस आहे याची नोंद आपत्ती व्यवस्थापनाकडे असावी, असे दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 8 सांगते. रात्री पाणी शिरते तेव्हा बहिऱ्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही. त्याचे दार कोण वाजवणार हे कोरड्या दिवसांतच ठरलेले असले पाहिजे.

सगळ्यात जड प्रश्न आईबापांच्या पश्चात कोण, हा. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ मुलाची आई रात्री जागते ती याच विचाराने. पुण्याजवळ कोळवणला 1994 मध्ये उभे राहिलेले साधना व्हिलेज अशा प्रौढांना घरासारखे एकत्र राहायला जागा देते. मराठवाड्यात अशी सोय फार थोडी आहे. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा आहे. त्यानुसार अठरा वर्षांपुढच्या अशा व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमता येतो, बँकखाते आणि जमिनीचे व्यवहार त्याच्या सहीने होतात. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करतात, पण पालक म्हणून नाव आपल्या पसंतीच्या कोणाचेही सुचवता येते. भाऊबंदच हवा असे नाही, विश्वासाचा शेजारीही चालतो. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब समितीला द्यायचा असतो, आणि हेळसांड झाली तर नेमणूक रद्द होते. भावकीत बांधावरून वाद असलेल्या घरांना या दोन अटींचा मोठा उपयोग आहे. तलाठी आणि ग्रामसेवक यांनी ही तरतूद सांगितली तर अर्ज येतील, आणि ते भरायला सोपा काळ म्हणजे हंगामानंतरचा वैशाख, माणसे घरी असतात तेव्हाचा.