अमरवेलीचें गोत्र

नुसतें ‘कुलकर्णी’ म्हटल्यानें कोणाचें गोत्र कळत नाहीं, हें घरांतील लग्नें जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. वनस्पतींच्या बाबतींत मात्र हा विवेक मीं पाळला नाहीं, आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्यास भरावा लागला. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवितों.

साताऱ्यास कुंपणांवर व बोरीबाभळींवर पिवळसर हिरव्या दोरांचें जें जाळें दिसतें तीच अमरवेल, असें मीं तीस वर्षें मुलांस शिकविलें. मातींत मूळ नाहीं, अंगावर पान नाहीं; आश्रयदात्या झाडांत शोषकें रोवून त्याच्याच रसावर ती जगते. संस्कृतांत तिला आकाशवल्ली म्हणतात, आणि ‘निर्मुळी’ हें मराठी नांवही तितकेंच अन्वर्थक आहे. नांवांवर माझी भक्ति. नांव कळलें म्हणजे वस्तु कळली, असें मी धरून चाललों.

कांहीं वर्षांपूर्वीं सांगलीजवळ कृष्णाकांठीं राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांच्या लसूणघासांत पिवळे तंतु दिसूं लागले. त्यांनीं मला विचारलें. मी दुरूनच म्हणालों, “ही आमच्या कुंपणावरचीच. ओढून काढा आणि बांधावर टाका. उन्हानें वाळून जाईल.” त्यांनीं तसेंच केलें. वेलीला तेव्हां बोंडें धरलीं होतीं. दुसऱ्या वर्षीं बांधापासून आंतपर्यंत पिवळे डाग पडले. तिसऱ्या वर्षीं सारा घास मोडावा लागला आणि दारच्या दोन म्हशींकरितां वैरण विकत आणण्याची पाळी आली. मेहुणे एका शब्दानेंही बोलले नाहींत. बहीण तेवढी हंसत म्हणाली, “दादा, तुझ्या हाताखालून गेलेल्या मुलांचें कसें झालें असेल रे?”

त्यानंतर मीं भिंग विकत घेतलें.

अमरवेलीच्या जगांत सुमारें दोनशें जाति आहेत. पानच नसल्यामुळें ओळखीची खूण शोधावयाची ती फुलांत आणि बोंडांत. अंडाशयाच्या माथ्यावर जी दांडी असते तिला किंजल म्हणतात, व तिच्या टोंकास किंजल्क. सेंट लुई येथील डॉक्टर एंगेलमान यांनीं १८५९ सालीं या दोहोंवरूनच सर्व जातींचे तीन गट पाडले. अलीकडे, २०१५ सालीं, आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेचा आधार घेऊन चार उपवंश मानण्यांत आले. परंतु घरीं भिंग घेऊन बसणाऱ्यास जुनी खूण पुष्कळ उपयोगी पडते.

आमची कुंपणावरची वेल म्हणजे कस्क्यूटा रिफ्लेक्सा. खोड जाड, फूल पांढरें व सुगंधी, पाकळ्या मागें वळलेल्या, आणि किंजल एकच, तोही अगदीं आंखूड. घासांतील वेलीचें फूल मीं पाण्यांत भिजवून फोडलें, तों किंजल दोन! येथेंच माझी तीस वर्षांची शिकवण कोसळली.

पण दोन किंजलांच्याही एकाहून अधिक जाति आपल्याकडे आहेत. चायनेन्सिस या जातींत बाहेरच्या संदलांना पाठीवर कणा असतो, आणि सुकलेला पुष्पमुकुट बोंडाला पुरतें झांकून टाकतो. कँपेस्ट्रिसचें बोंड वरून उघडें. मुकुट खालच्या भागासच बिलगलेला. हायलिनाच्या मुकुटांत केसरांखालचे झालरीसारखे खवले जवळजवळ नसतातच. हा भेद डोळ्यांस फारच बारीक वाटतो, हें खरें. कँपेस्ट्रिसला यंकर यांनीं १९३२ सालीं स्वतंत्र नांव दिलें, तरी पुढें कित्येक संशोधकांनीं तिच्यावरच प्रयोग करून तिला पेंटागोना म्हटलें. तेव्हां एकटा मीच चुकलों असें नाहीं. अर्थात् त्यानें म्हशींचें पोट भरत नाहीं.

कोंकणच्या किनाऱ्यावर तर याहून मौज आहे. तेथें अमरवेल म्हणून जी दाखवितात ती पुष्कळदां कॅसिथा असते. ती दालचिनीच्या कुळांतली; आपली अमरवेल रताळ्याच्या. फुलांतील दलें तिकडे तीन-तीन, इकडे बहुधा पांच. रूप मात्र जुळ्या बहिणींचें.

मेहुण्यांच्या घासांतली निघाली कँपेस्ट्रिस. ती मूळची उत्तर अमेरिकेची. घासाच्या बियाण्यांत मिसळून देशोदेशीं पोंचली. तिचें बीं आकारानें घासाच्या बियांजवळ जाणारें, पण साल खरबरीत. म्हणून बियाण्यास लोखंडाची बारीक पूड चोळतात. ती खरबरीत बियांस चिकटते, आणि लोहचुंबकानें त्या वेगळ्या काढतां येतात. शेतांत शिरलेली वेल फुलण्यापूर्वींच, खालच्या घासासकट कापून जाळावी लागते. बीं एकदां मातींत पडलें कीं दहा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहूं शकतें. मका किंवा ज्वारी यांवर ती सहसा तग धरीत नाहीं.

त्या तुकड्यांत आतां मका असतो. दिवाळीस गेलों होतों, तेव्हां बांधावरच्या एका झुडपाला पिवळा तंतु गुंडाळलेला दिसला. मीं भिंग काढण्यासाठीं खिशांत हात घातला. तोंपर्यंत मेहुण्यांनीं फांदीसकट तो कापला, धोतराच्या सोग्यांत धरला आणि घरीं नेऊन बंबांत टाकला.