डिस्चार्ज कार्डावरील एका ओळीसाठी दरखास्त

मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सविनय निवेदन,

मौजे खापर, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार येथून हे पत्र आपणांस लिहीत आहे. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरील आमचे गाव म्हणजे सातपुड्यातील पाड्यांची बाजारपेठ; दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोयत्याच्या जोड्या दक्षिण गुजरातच्या उसाकडे याच रस्त्याने निघतात, आणि काठीच्या होळीचे वेध लागले की याच रस्त्याने परततात. त्यांच्यापैकी ज्या बायांची गर्भपिशवी अकाली काढली गेली आहे, त्यांच्या हाडांविषयी हा अर्ज आहे.

चाळिशीही न गाठलेल्या अशा एका बाईने मध्यंतरी खताच्या पिशवीत जपून ठेवलेले आपले कार्ड वाचून घेण्यासाठी पुढे केले. त्यावर इंग्रजीत, घाईच्या अक्षरांत, ‘टीएएच’ आणि त्यापुढे ‘बीएसओ’ एवढेच होते. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ असा की गर्भाशय काढले, आणि दुसऱ्या तिहींचा असा की दोन्ही बाजूंच्या नलिका व अंडाशयही काढले. पहिली गोष्ट तिला ठाऊक होती, दुसरी नव्हती. आणि पाठीत कळ येते, दाढा हलतात, भाकरी आमटीत बराच वेळ भिजवल्यावाचून चावत नाही, या तिच्या तक्रारींचा त्या शस्त्रक्रियेशी काही संबंध असू शकेल, असे तर तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

हाड म्हणजे एकदा घडले की आयुष्यभर तसेच राहणारी जड वस्तू, ही आपली जुनी समजूत आहे. वस्तुतः जुने मोडणाऱ्या व नवे रचणाऱ्या पेशींचा व्यवहार त्यात अखंड चालू असतो, आणि मोडणाऱ्यांना आवर घालण्याचे काम प्रामुख्याने इस्ट्रोजेन हे संप्रेरक करते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ का होतात, याची संगती बोस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट यांनी १९४१ साली मांडली. आपल्याकडे पाळी साधारणपणे सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते आणि तीही हळूहळू; परंतु अंडाशय काढले की तो सारा पालट काही दिवसांत, वयाचा कोणताही मुलाहिजा न ठेवता घडतो, आणि तिशी-पस्तिशीच्या स्त्रीच्या वाट्याला संप्रेरकावाचूनची दहा-पंधरा वर्षे जादा येतात. मणके, मनगट व खुबा यांना त्याची झळ विशेष लागते. पुरुषही यातून सुटलेले नाहीत, कारण त्यांचे हाडही त्यांच्या पुरुषसंप्रेरकापासूनच तयार होणाऱ्या इस्ट्रोजेनवर बरेचसे विसंबून असते. आमच्या जिल्ह्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि त्या आजारात मुलांचे वयात येणेच लांबत असल्यामुळे हाडाची पुंजी मुळातच कमी साठते, ही बाबही आपल्या विभागाने नजरेआड करू नये.

जबडा मात्र कोणाच्या हिशेबातच नसतो. दातांची मुळे ज्यात रुतलेली असतात, ते हाड फार वेगाने मोडते आणि फार वेगाने भरते; सबब संप्रेरकाची उणीव तेथेही जाणवते. दात पडण्याचे मुख्य कारण हिरड्यांचा रोग आणि आमच्याकडे तंबाखू व मशेरी हेच आहे, त्याचे खापर एकट्या संप्रेरकावर फोडता येणार नाही (गावाच्या नावावरील ही कोटी आपण माफ करावी). परंतु रोगाने पोखरलेल्या हिरडीखालचे हाडही विरळ झालेले असले, तर दात लवकर सुटतो. दंतवैद्य ज्याला ओपीजी म्हणतात, त्या संपूर्ण जबड्याच्या क्ष-किरण चित्रात खालच्या कडेचा घट्ट थर ३ मिलिमीटरहून पातळ दिसला, तर बाकीच्या हाडांची घनता तपासून घ्यावी, असा संकेत आहे. दातांसाठी काढलेले ते चित्र तेवढ्यापुरते पाहून फायलीत सारले जाऊ नये.

बीड जिल्ह्यातील प्रकरण आपल्या दप्तरी आहेच. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आले की, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. एका खाड्याचा दंड चुकवण्यासाठी पाळीच नको म्हणणारी बाई आणि अंगावरून जाते म्हटल्याबरोबर शस्त्रक्रिया सुचवणारा डॉक्टर, या दोघांविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. पुढे २०२२ साली केंद्र शासनाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्यांच्या अंमलबजावणीचा आदेश दिला. ते योग्यच झाले; पण ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्यांच्या उरलेल्या आयुष्याची तजवीज कोणी करायची, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

आमची दरखास्त लहान आहे. प्रत्येक रुग्णालयाच्या, खासगीसुद्धा, डिस्चार्ज कार्डावर मराठीत एक ओळ छापून घ्यावी: अंडाशय ठेवले की काढले, आणि काढले असल्यास कशासाठी. पंचेचाळिशीच्या आत काढले असतील आणि स्तनाच्या कर्करोगासारखी आडकाठी नसेल, तर नैसर्गिक निवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक-उपचार देता येतो. तो द्यावयाचा की नाही, हे डॉक्टरांनी त्या बाईशी बोलून ठरवावे आणि ठरले ते त्याच कार्डावर लिहावे. पुढेमागे हाडांसाठी बिसफॉस्फोनेट जातीचे औषध सुरू झाले, तर दात उपटण्यापूर्वी दंतवैद्यास ते सांगण्याची ताकीदही तेथेच असावी, कारण क्वचित का होईना, त्या औषधावर असताना दात काढल्यास जबड्याचे हाड उघडे पडून कुजते.

आपल्या सहीचा हुकूम सरहद्दीपलीकडे चालत नाही, आणि आमच्या कित्येक बायांच्या शस्त्रक्रिया तिकडेच होतात, याची आम्हांस जाणीव आहे. तेव्हा जुनी कार्डे पाहून ही नोंद उपकेंद्राच्या वहीत उतरवून घेण्याचे काम आशा व परिचारिका यांच्याकडे सोपवावे, आणि ते होळीच्या आठवड्यात करवून घ्यावे. ऊसतोडीच्या हंगामात एरवी त्या बाया घरी सापडत नाहीत.

आपला नम्र,
खापर येथील एक रहिवासी