आमदार, वकील आणि प्राध्यापक

आमदारकी मिळाली की पुस्तक मिटते, असा आपल्याकडचा रिवाज. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो मानला नाही. १९२७ साली ते मुंबई कायदेमंडळात नियुक्त सभासद म्हणून बसले आणि पुढच्याच वर्षी शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागले. वकिली चालू होतीच. १९३५ साली ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२८ साली त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. कामगार स्त्रियांना प्रसूतीकाळात रजा व भत्ता देणाऱ्या विधेयकाची बाजूही त्यांनी त्याच वर्षी सभागृहात लढवली. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

आम्ही विचारतो, वसई-विरारच्या औद्योगिक गाळ्यांत कंत्राटावर राबणाऱ्या आमच्या किती भगिनींना आज ही पगारी रजा मिळते? कायदा गाळ्यापर्यंत न्यायला वकील हवा, वकील घडवायला शिक्षक हवा आणि सरकारला जाब विचारायला अभ्यासू आमदार हवा. बाबासाहेब एकटे ही तिन्ही कामे करीत होते.

वस्तीतल्या पदवीधर तरुणांनो, आमदाराच्या गाडीमागे धावण्यापेक्षा कायद्याच्या वर्गात बसा. आणि मत मागायला दारी येणाऱ्याला विचारा, सभागृहात आमच्यासाठी किती वेळा तोंड उघडलेत?