मुखवट्याआड आहे तरी कोण?

मैत्रिणींनो, भोंडल्याचे दिवस सरले, पाटावरचा हत्ती पुसला गेला, की हल्ली पुण्यातल्या बऱ्याच घरी शिशुवर्गाकडून एक चिठ्ठी येते. '३१ ऑक्टोबरला हॅलोवीन. मुलांना काळे किंवा केशरी कपडे घालून पाठवावे.' झालं! एकीकडे दिवाळीची भाजणी आणि एकीकडे भुताचा पोशाख. आईची नुसती धांदल!

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही अशीच चिठ्ठी आली. नातू तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांचा. सूनबाईने हौसेने काळा झगा शिवला. पण शाळेत पडदे ओढले, दिवे मालवले, आणि रोज मांडीवर घेणाऱ्या बाईच चेटकिणीचा मुखवटा घालून आत आल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता हो. पण निम्म्या वर्गाने भोकाड पसरलं. आमच्या स्वारीने पुढे चार दिवस शाळेचं नाव काढू दिलं नाही. रात्री मोरीपर्यंतसुद्धा एकटा जाईना.

"आई, ही परक्यांची थेरं आपल्याला हवीत कशाला?" सूनबाई म्हणाली. मी मान डोलावणार होते, इतक्यात माझंच मला आठवलं. आदल्याच रात्री त्याला भरवताना मी म्हटलं होतं, "खातोस की बुवाला बोलावू?" म्हणजे बुवा घरात आणला होता मीच, शाळेने त्याला फक्त तोंड दिलं!

म्हणून आज जरा याबद्दलच बोलू या.

आधी हा सण काय आहे ते पाहू. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस; त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोवीन. आयर्लंड-स्कॉटलंडकडची जुनी समजूत अशी, की हिवाळ्याच्या तोंडाशी या रात्री मेलेल्यांची भुतं फिरतात. तिकडे सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवत. ती माणसं अमेरिकेत गेली, तिथे त्यांना मोठाले भोपळे मिळाले, आणि कंदाची जागा भोपळ्याने घेतली. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला पितरांची आठवण होतेच की! तेव्हा कल्पना अगदीच अनोळखी नाही.

मग मुलं घाबरतात कशाला? कारण लहानग्यांना मुखवटा आणि माणूस वेगळे करता येत नाहीत. ऱ्हीटा डिव्ह्रीस या अमेरिकन संशोधक बाईंनी १९६९ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला होता. मेनार्ड नावाचं एक गरीब मांजर मुलांना दाखवलं, कुरवाळू दिलं, आणि मग त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. सहा वर्षांची मुलं म्हणाली, हे मांजरच आहे. तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना मात्र ते खरंच कुत्रं झालंसं वाटलं! आता सांगा, आपल्या बाई डोळ्यांदेखत चेटकीण झाल्यावर साडेतीन वर्षांच्या पोराने काय करावं?

म्हणून भुतंखेतं मुलांना दाखवूच नयेत, असं मात्र नाही हं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण आठवते ना? दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली, आणि २०१८ साली नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. मुलं तिला भितात आणि खदखदून हसतातही. कारण आईची मांडी जवळ असते, आणि चेटकिणीची फजिती होणार हे ठाऊक असतं. भीतीची दोरी मुलाच्या हातात हवी, एवढंच. ती कशी द्यायची, ते सांगते.

मुखवटा मुलासमोरच करा. वाण्याकडची कागदी पिशवी किंवा जुना पुठ्ठा पुरे. डोळ्यांची भोकं चांगली मोठी ठेवा. नाडीने बांधू नका. खाली पुठ्ठ्याची रुंद पट्टी चिकटवा, म्हणजे तो हाताने धरता येतो आणि नको वाटला की झटकन खाली करता येतो. आधी मुलाला आरशासमोर धरू द्या, मग तुम्ही धरा. बाजारचे महागडे रबरी चेहरे नकोतच. ताराबाई मोडक आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, ती शंख-शिंपले, खडे, पानं-फुलं अशा भोवतालच्या वस्तूंवरच की!

भोपळा. मंडईतून दोनेक किलोचा गोल लाल भोपळा आणा. कापण्याचं काम आईचं. आतल्या बिया आणि तंतू चमच्याने काढायचं काम मुलाचं. नाक-डोळे खडूने त्यालाच काढू द्या, तुम्ही ते कोरा. आत पणती नको, झग्याला झळ लागायला वेळ लागत नाही, बॅटरी ठेवा. बिया वाळवून मोजायला द्या, पण तोंडात घालू देऊ नका.

आतून सुरीने काढलेला गर वाया घालवू नका. एक वाटी कीस आणि पाऊण वाटी गूळ मंद आचेवर शिजवा. निवल्यावर वेलची, चिमूटभर मीठ, चमचाभर तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक घाला. पाणी अजिबात नको. वर खसखस लावून थापा आणि मध्यम आचेवर तळा. खाऊ म्हणून घारगे तयार!

नाटुकलं. भोपळा आणि म्हातारी म्हटल्यावर तुम्हाला कोण आठवलं? लेकीकडे निघालेली आपली म्हातारी! वाटेत कोल्हा अडवतो, वाघ अडवतो. ती म्हणते, लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा. आणि परतताना भोपळ्यात बसून सगळ्यांना चकवते. याहून चांगलं हॅलोवीन कुठे मिळायचं? मोठ्या खोक्याला केशरी कागद लावा, की झाला भोपळा. पाठांतर नको, बाईंनी किंवा आईने गोष्ट सांगायची, मुलांनी उड्या मारायच्या, डरकाळ्या फोडायच्या. दहा मिनिटं पुष्कळ झाली. दिवे चालू ठेवा. आणि एक युक्ती लक्षात ठेवा: सगळ्यात भित्र्या मुलाला वाघ करा. मात्र नको म्हणालं, तर जबरदस्ती नाही. त्याला टाळ्या वाजवायला बसवा.

गेल्या वर्षी सूनबाई शाळेत जाऊन बाईंशी शांतपणे बोलली. त्यांनाही मुलांचं रडणं लागून राहिलंच होतं. मग हेच नाटुकलं बसवलं. आमचा नातू वाघ झाला! डरकाळी फोडली, आणि मुखवटा खाली करून मधेच ओरडला, "आजी, घाबरू नकोस, मीच आहे!" सगळा वर्ग हसला.

त्या रात्री तो ताटापुढे चुळबुळ करत होता. सवयीने माझ्या तोंडी आलंच, "खातोस की..." सूनबाईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य बदललं, "खातोस की वाघाला वाढू?"

"वाघालाच वाढ," तो म्हणाला, आणि दोन घारगे जास्त खाल्ले.