अंगावर उलटणारे औषध

औषध म्हटले की ते गुणकारीच असावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते; आणि मुलांच्या हातातील व्हिडिओ गेममध्ये ही समजूत बहुधा खरीही ठरते. खेळातील वीर घायाळ होतो, एक बाटली रिचवतो आणि पुन्हा लढावयास उभा राहतो. त्या बाटलीत काय होते, ती कोणाला मानवली आणि कोणाला नाही, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. परंतु नाना प्रकारचे प्राणी गोळा करून त्यांना वाढविण्याचे जे खेळ जपानमध्ये निर्माण झाले, आणि ज्यांतील ‘पोकेमॉन’ हे नाव आज आपल्याकडील असंख्य मुलांच्या तोंडी आहे, त्यांतील औषधांची कथा काहीशी निराळी आहे. तेथे उपाय कित्येकदा अपाय होऊन बसतो. तो कसा, हे पाहणे मुलांइतकेच त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही मनोरंजक वाटेल.

प्रथम ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून हा खेळ जन्मास आला, आणि निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये त्याचे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ असे दोन भाग प्रसिद्ध झाले. खेळणाऱ्याने रानावनांत फिरून प्राणी पकडावयाचे, एका वेळी अधिकात अधिक सहा बरोबर बाळगावयाचे, आणि इतरांच्या प्राण्यांशी त्यांच्या झुंजी लावावयाच्या. प्रत्येक प्राण्याच्या प्राणशक्तीचे माप अंकांत दिलेले असते. ते शून्यावर आले की प्राणी मूर्च्छित पडतो. मरत मात्र नाही.

या पहिल्या खेळातील औषधे सरळ होती. ‘पोशन’ नावाच्या फवाऱ्याने २० अंक भरून येत. येथे नवख्या खेळाडूची फसगत होई ती एवढ्यापुरतीच, की झुंज चालू असता औषध देणे ही एक खेळी धरली जाते. आपण २० अंक भरून काढावे आणि त्याच खेळीत प्रतिपक्षाने ३० काढून घ्यावे, असे चालले तर औषधाने केवळ पराभव लांबतो. हा दोष औषधाचा नव्हे, हिशेबाचा होय.

खरा पालट झाला तो नोव्हेंबर १९९९ मध्ये आलेल्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या पुढील भागांत. या भागांत प्रत्येक प्राण्याच्या मनात आपल्या धन्याविषयी किती स्नेह आहे, हे ० ते २५५ या मापाने मोजले जाऊ लागले. हा आकडा पडद्यावर कोठेही दिसत नाही. गोल्डनरॉड नावाच्या नगरातील एका घरात एक बाई राहते; ती प्राण्याकडे पाहून त्याचे मन कसे आहे ते सांगते, पण तेही मोघम शब्दांत. आता याच नगराच्या पोटात एक भुयारी वाट आहे, आणि तेथे शनिवारी व रविवारी एक म्हातारी वनौषधी विकावयास बसते. तिची औषधे दुकानातील औषधांइतकीच गुणकारी, आणि किंमत मात्र कमी. ५० अंक भरून देणारे ‘सुपर पोशन’ दुकानात ७०० ला मिळते. तितकाच गुण देणारी ‘एनर्जी पावडर’ म्हातारी ५०० ला देते. २०० अंकांचे ‘हायपर पोशन’ १,२०० चे, तर ‘एनर्जी रूट’ ही मुळी ८०० ची. म्हातारी लबाड नाही, हे विशेष. औषध जरा कडू आहे, तुमच्या प्राण्यांना कदाचित आवडणार नाही, असे ती आरंभीच सांगून टाकते. आणि वर हसते.

संसारी मनुष्य हा भाव ऐकून साहजिकच म्हणेल, कडू तर कडू, औषध का मिठाई आहे? आपल्याकडे किराइताचा काढा नाक धरून पाजलाच जातो. खेळातील मूलही असाच विचार करते आणि पिशवी भरून मुळ्या घेऊन जाते. प्राण्याची जखम भरून येते, पडद्यावर तक्रारीचा शब्द उमटत नाही. मात्र आत कोठेतरी स्नेहाचा आकडा उतरलेला असतो. चूर्णाने तो ५ ने घटतो, मुळीने १० ने. आणि ज्या प्राण्याचा स्नेह २०० किंवा त्याहून अधिक आहे, त्याचा चूर्णाने १० ने व मुळीने १५ ने घटतो. ज्याने नियम केला त्याच्या मर्मज्ञतेची येथे तारीफ करावीशी वाटते. परक्याने दिलेल्या कडू घोटापेक्षा आपल्या माणसाने दिलेला घोट अधिक लागतो, एवढी गोष्ट त्याने तीन-चार अंकांत बसविली आहे.

हा तोटा भरून काढणे सोपे नव्हे. त्या खेळात प्राणी बरोबर घेऊन ५१२ पावले चालावे तेव्हा स्नेह १ ने वाढतो. म्हणजे एका मुळीने गेलेले १५ अंक केवळ चालून मिळवावयाचे तर ७,६८० पावले झाली. याहून विलक्षण प्रकार ‘रिव्हायव्हल हर्ब’ या संजीवनीचा आहे. झुंजीत मूर्च्छित पडल्याने प्राण्याचा स्नेह सामान्यतः अवघ्या १ ने कमी होतो; परंतु या वनस्पतीने त्याला शुद्धीवर आणावे तर १५ ने, आणि स्नेह गाढ असल्यास २० ने घटतो. पराभव त्याने मनावर घेतला नाही, उपचार घेतला.

या आकड्यांना महत्त्व एवढ्यासाठी, की काही प्राण्यांचे पुढील रूप या स्नेहावरच अवलंबून असते. गोल्बॅट नावाचे वटवाघूळ क्रोबॅट व्हावयाचे तर स्नेह २२० पर्यंत पोहोचावा लागतो. आठवडाभर खपून मुलाने तो तेथवर आणावा, आणि ४०० ची बचत म्हणून मुळ्या चारीत राहावे! मग वटवाघूळ का बदलत नाही, म्हणून ते यंत्रच बिघडल्याचा संशय घेते. त्याच भुयारी वाटेत दोन नापित बंधू दुकान मांडून असतात, हाही एक योगच. प्राण्याचे केस कापवून घेतले की स्नेह वाढतो. धाकट्याचा दर ३००, थोरल्याचा ५००. चूर्णामागे वाचलेले २०० धाकट्याच्या हजामतीलाही पुरत नाहीत.

काही धूर्त खेळाडूंनी याचा उलट उपयोग केला. त्या खेळात ‘फ्रस्ट्रेशन’ नावाचा एक डाव आहे. प्राणी धन्यावर जितका रुष्ट तितका तो डाव जबर. तेव्हा प्राण्याला मुद्दाम कडू औषधे चारून त्याचे मन विटवावयाचे आणि मग त्या रागाचा लाभ घ्यावयाचा. नियमात हे बसते. आम्हांस ते रुचत नाही. २०१९ च्या ‘सोर्ड’ व ‘शील्ड’ या खेळांत हा डाव वापरता येत नाही, याचे आम्हांला दुःख नाही.

२००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या भागांत रुचीचा प्रश्न आणखी सूक्ष्म झाला. तेथे प्रत्येक प्राण्याला २५ स्वभावांपैकी एक स्वभाव मिळाला, आणि स्वभावानुसार आवडीनिवडी. प्राण्याने जवळ बाळगावयाची आणि झुंजीत शक्ती खालावली की आपोआप खावयाची अशी पाच फळे आहेत. त्यांची इंग्रजी नावे आपल्या परिचयाच्या फळांची अक्षरे फिरवून केलेली आहेत: मागो म्हणजे आंबा, अगुआव म्हणजे पेरू, इआपापा म्हणजे पपई, फिगी म्हणजे अंजीर आणि विकी म्हणजे किवी. मागो गोड, अगुआव कडू, इआपापा आंबट, फिगी तिखट आणि विकी तुरट. ज्याला जी चव नावडते त्याने ते फळ खाल्ले तर शक्ती भरून येतेच, पण त्याबरोबर भ्रमही होतो, आणि भ्रमिष्ट प्राणी शत्रूला सोडून स्वतःवरच प्रहार करू लागतो. लाजाळू, नम्र, शांत आणि धीट या चार स्वभावांना तिखट सोसत नाही. पाच स्वभाव असे आहेत की त्यांना कोणतीच चव नावडती नाही. उरलेल्या वीसांत प्रत्येक चवीचे चार शत्रू.

त्या काळी या फळाने मिळे काय, तर एकूण प्राणशक्तीचा आठवा हिस्सा. तेवढ्यासाठी भ्रमाचा धोका कोण पत्करणार? म्हणून ही फळे बहुधा पिशवीतच राहत. २०१६ च्या ‘सन’ व ‘मून’ या भागांत हा लाभ एकदम निम्म्यावर नेण्यात आला (पुढे २०१९ मध्ये तो तिसऱ्या हिश्शावर आला), आणि जाणते खेळाडू प्रत्येक प्राण्याचा स्वभाव पाहून त्याचे फळ निवडू लागले. घरात कोणाला लसूण चालत नाही आणि कोणाला ताक सोसत नाही हे लक्षात ठेवणारी गृहिणी हेच काम रोज करते, फक्त तिला त्याची पारितोषिके मिळत नाहीत.

एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, हा प्रकारही आहेच. ‘ब्लॅक स्लज’ हा काळा गाळ विषजातीच्या प्राण्याने जवळ बाळगला तर त्याला प्रत्येक खेळीस सोळावा हिस्सा शक्ती मिळते. इतर कोणी बाळगला तर आठवा हिस्सा जातो. तसेच मचॅम्पसारख्या काही प्राण्यांच्या अंगी ‘गट्स’ नावाचा गुण असतो. भाजल्याने इतरांचा प्रहार निम्म्यावर येतो, त्यांचा मात्र दीडपट होतो; त्यांना मलम लावणे म्हणजे त्यांचे बळ काढून घेणे.

आणि ब्रेलूम. हा भूछत्रासारखा प्राणी ‘पॉइझन हील’ या गुणाचा असेल तर विषाने त्याची शक्ती घटत नाही, उलट वाढते, आणि म्हणून त्याच्याजवळ विष चढविणारा ‘टॉक्सिक ऑर्ब’ हा गोळा मुद्दाम दिलेला असतो. शेजारी बसून पाहणाऱ्या वडिलांना हे ठाऊक नसते. “अग, विष चढले आहे, उतारा दे ना त्याला,” असे ते कळवळून सांगतात. “थांबा ना बाबा,” म्हणून मुलगी उताऱ्याची बाटली पिशवीतच राहू देते, आणि ब्रेलूम प्रत्येक खेळीच्या शेवटी आठवा हिस्सा शक्ती भरून घेत राहतो.