जुन्या ट्रकचे स्टेअरिंग आणि मालकाची जबाबदारी

सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालेला मालट्रक सिल्लेवानीच्या घाटात शिरला, की आम्हां व्यापाऱ्यांस त्यातील पोत्यांची चिंता लागते. परंतु स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेल्या मनुष्याची चिंता आपल्यापैकी कितीजण करतात, हा प्रश्न आज आम्ही बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आमच्याच पेढीची गोष्ट सांगतो. अधिक धान्य मावावे म्हणून आम्ही एका जुन्या ट्रकचा हौदा मागे लांबविला, मागच्या स्प्रिंगांत जादा पाटे घातले आणि वर पॉवर स्टेअरिंगही बसविले. पुढे चालक सांगू लागला की गाडी डावीकडे ओढते. ‘हात स्थिर ठेवीत जा,’ असे आमचे उत्तर! नंतर एका कारागिराकडून स्टेअरिंग बॉक्स बदलून घेतला. पैसा गेला, ओढ तशीच राहिली. अखेर पांढुर्ण्याच्या एका वृद्ध मिस्त्रीने पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर दोन्ही बाजूंनी फितीने मोजले. डावीकडे ते बोटभर कमी भरले. पुढच्या डाव्या स्प्रिंगचा सेंटर बोल्ट तुटून आस मागे सरकला होता. दोष एका बोल्टचा होता आणि बोल आम्ही चालकास लावला होता.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की बॉक्सावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. गाडी एका बाजूस ओढत असेल तर प्रथम हवा पाहावी; चालून आल्यावर एकच हब अधिक तापला असेल तर ब्रेक चिकटत आहे असे समजावे; पुढचे टायर डावे-उजवे बदलून ओढही बाजू बदलते का, हे पाहावे. स्टेअरिंगमध्ये खेळ वाटला तर एकाने ते थोडे थोडे हलवावे व दुसऱ्याने ड्रॅग लिंक, टायरॉड यांचे सांधे न्याहाळावेत. हालचाल कोठे हरवते ते डोळ्यांस दिसते. स्टेअरिंग जड असेल तर पुढचा आस उचलून, खाली भक्कम आधार देऊन, ड्रॅग लिंक सोडवावी. मग चाके हाताने वळविताना अडली तर किंगपिन वा टायरॉडचे सांधे तपासावेत. सहज वळली तर बॉक्साकडे वळावे. पॉवर स्टेअरिंगविषयी आम्ही थोडे कडू बोलू: ते कोरड्या किंगपिनची तक्रार मिटवीत नाही, झाकून ठेवते.

गाडी रिकामी असता भटकते की भरल्यावर, हे चालकासच विचारावे. जादा पाट्यांनी मागची बाजू उंचावली की पुढचा आस किंचित पुढे कलतो व रिकामी गाडी सरळ राहीनाशी होते. भरलेल्या लांब हौद्याचा भार मागच्या आसापलीकडे गेला तर पुढची चाके हलकी पडतात आणि वळणावर पकड सोडतात. उत्पादकाच्या मूळ रचनेशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केला आहे. त्याची जबाबदारी मालकाची आहे, चालकाची नव्हे.

आम्ही त्या हौद्याचा वाढविलेला भाग कापून टाकला. प्रत्येक खेपेस काही पोती कमी जातात. चिरंजीवांस अद्याप ते रुचलेले नाही.